उत्तराची जागा

मार्थाबाई साळव्यांचं नाव काढलं की शेलूबाजारातल्या निम्म्या लोकांना इंजेक्शनची सुई आठवते. मला भिंत आठवते. आमच्या भाड्याच्या खोल्या हायवेच्या मागच्या अंगाला एका रांगेत आहेत, आणि मालकाने मधल्या भिंती इतक्या पातळ बांधल्यात की शेजारी कोणी शिंकलं तर आपण रुमाल शोधायला लागतो. त्या भिंतीतून मी वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी मार्थाबाईंची रोझरी ऐकली. मी ख्रिस्ती नाही, आणि माझ्या स्वतःच्या देवघरातसुद्धा उदबत्ती दोन दिवसांनी लागते. तरी ती प्रार्थना मला पाठ झाली. शेजारच्या वर्गातले पाढे माझ्यासारख्या मास्तरणीला आपोआप पाठ होतात, तशी.

बाई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. मूळच्या नगरकडच्या, कॅथलिक. लग्नानंतर लगेच इकडे बदली झाली आणि मग कधी बदली मागितलीच नाही. नवरा ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. अख्ख्या शेलूबाजारात कॅथलिक घर हे एवढं एकच. मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेला, जायचं तर एस.टी.ने अकोल्याला, आणि दवाखान्यात कोणी ना कोणी अडलेली असली की तो रविवार हुकायचाच. म्हणून घरातल्या एका फळीवर त्यांचं चर्च होतं. त्यावर मारियेची निळ्या पदराची मूर्ती, तिला बाई नगरच्या रीतीने मतमाउली म्हणत.

बाई बुटक्या, रुंद, चालताना दोन्ही बाजूंना थोड्या झुकायच्या. चष्म्याला सलाईनच्या नळीची दोरी. बोलणं पक्कं वऱ्हाडी झालेलं, फक्त प्रार्थनेला बसल्या की जिभेवर पुस्तकातली मराठी यायची, आणि पोळ्याला बैलाला झूल घालावी तसा आवाजही जरा सजायचा.

रागीट होत्या. गरोदर बायांना लोहाच्या गोळ्या द्यायच्या आणि पुढच्या वेळी डोळ्याची खालची पापणी ओढून बघायच्या.

“गोळ्या घेतल्या का वं?”

“घेतल्या नं सिस्टर. कदी कदी इसरते.”

“इसरते? भाकर टाकाची इसरते का? नवऱ्याच्या नावानं बोंबलाची इसरते का?” मग एकदम खालच्या पट्टीत यायच्या. “हे पाय, डोक्यावर कायचाच भरोसा ठेवू नोको. डोकं बेइमान आहे. हाताले शिकव. तवा खाली उतरला का हात गोळीकडं गेला पाह्यजे. बस.”

हे त्यांचं सगळ्या जगावरचं औषध होतं. कोणतीही नवी सवय जुन्या सवयीच्या शेपटीला बांधायची. स्वतःची रोझरीसुद्धा त्यांनी अशीच बांधली होती, आणि कशाला, तर आमच्या मारुतीच्या देवळाला. संध्याकाळच्या आरतीची घंटा थांबली की बाई माळ हातात घेणार. पुजाऱ्याला एकदा ताप आला आणि आरतीला उशीर झाला, तर या स्वतः पॅरासिटामॉल घेऊन देवळात हजर. “लवकर बरा हो बापा,” म्हणाल्या, “तुह्या मारुतीवर माही मतमाउली खोळंबली.”

माळ साधी, लाकडी मण्यांची. त्यातला एक मणी तुळशीचा. मूळचा मणी कुठेतरी पडला, तेव्हा एका बाळंतिणीच्या आजीने आपल्या गळ्यातला काढून दिला. बाईंनी तो ओवला आणि अकोल्याच्या फादरांना दाखवला. फादर हसले आणि आशीर्वाद देऊन मोकळे झाले.

रोझरी कशी म्हणतात हे इथे सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. दहा-दहा मण्यांचे पाच भाग. प्रत्येक भागाआधी येशूच्या किंवा मारियेच्या आयुष्यातल्या एका प्रसंगाचं नाव घ्यायचं, त्याला रहस्य म्हणतात. मग आधी ‘आमच्या स्वर्गातील बापा’ आणि मग एकेका मण्याला ‘नमो मारिया’. घरात म्हणताना प्रत्येक प्रार्थनेचे दोन तुकडे होतात. पहिला अर्धा एकाने म्हणायचा, दुसरा अर्धा बाकीच्यांनी. म्हणजे एक हाक आणि एक ओ.

हाक बाईंची. ओ साळवेकाकांची. काका दिवसभर ट्रॅक्टरखाली आडवे असायचे, त्यामुळे तिसऱ्या भागापर्यंत त्यांची मान पडायची. बाई ओरडायच्या नाहीत. आपला अर्धा म्हणून गप्प बसायच्या. भिंतीपलीकडे मीही भाकरी थापता थापता थांबायची. मग त्या शांततेनेच काका दचकून उठायचे आणि घाईघाईने “आम्हा पाप्यांसाठी विनंती कर” म्हणायचे. एकदा मी विचारलं, “सिस्टर, काका झोपले तर तुमीच म्हनून टाका नं दुसरं अर्धं.”

“असं नाई जमत. उत्तर आल्याबिगर मनी सरकत नाई.”

“अन् रोज तेच ते आयकून देवाले कंटाळा येत नसन?”

“तू पोरायकडून बेचा पाढा रोज म्हनून घेते. तुले येते का कंटाळा?”

“मले पगार भेटते.”

“मंग त्यालेबी काही तरी भेटत असन,” असं म्हणून बाईंनी माझ्याच ताटातली मिरची उचलली.

काका गेले ते अचानक, दुपारी, गॅरेजमध्येच. त्यांची माती झाल्यावर पुण्याचा मुलगा फ्रान्सू काही दिवस राहिला आणि परत गेला. मग माझ्या लक्षात आलं, की आरतीची घंटा थांबते आणि भिंतीपलीकडून काहीच येत नाही. कधी दोन-चार मणी सरकायचे, की पुन्हा शांत. शेवटी मीच गेले. बाई माळ मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

“सोताच हाक मारायची न् सोताच ओ द्यायची. येड्यावानी वाटते वं,” म्हणाल्या. “पैले एक दिवस चुकली. मंग दोन. आता तं हात जातच नाई माळेकडं. मी लोकायले अक्कल शिकवते, न् माहीच गोळी चुकून राह्यली.”

पण मार्थाबाईच त्या, रडत बसणाऱ्या नव्हत्या. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी स्वतःवर इलाज काढला. आरती झाली की पुण्याला फोन. मोबाइल स्टीलच्या डब्याला टेकवून स्टुलावर उभा, आवाज मोठा. इकडून हाक, तिकडून ओ. “मन लागो का न लागो,” त्या मला सांगायच्या, “मनी सरकला पाह्यजे. भक्ती मागून येते. आंदी बूड टेकवा लागते.”

या फोनचा एक कडक नियम होता. हा फोन मतमाउलीचा, त्यावर घरच्या गप्पा नाहीत. घरचं काय ते रविवारी बोलायचं. फ्रान्सू फोन उचलून “हां आई, सुरू कर” म्हणायचा, आणि शेवटच्या आमेननंतर “आई, जेव आता. उद्या बोलू.” एवढंच. सुरुवातीला दोन-तीनदा त्याच्याकडून फोन चुकला. त्या त्या रात्री बाई जेवल्या नाहीत. मुलाला शिक्षा म्हणून नव्हे, त्यांच्या घशाखाली उतरेना. पण हे त्याला रविवारी कळलं, आणि तेव्हापासून एकही संध्याकाळ चुकली नाही.

मला त्या मुलाचा हेवा वाटायचा, म्हणजे बाईंचा वाटायचा. माझा मुलगा नागपूरला शिकतो. त्याचा फोन आला की मी आधी विचारते, “काय पाह्यजे?” आणि इथे एक इंजिनियर झालेला, बायको-पोर असलेला माणूस रोज आईबरोबर देवाचं नाव घेतो आणि तिला जेव म्हणतो. ते “आई, जेव आता” ऐकलं की मी माझ्या नवऱ्याकडे रोखून बघायची. त्याचा बिचाऱ्याचा काही संबंध नसायचा.

बाई तर हवेतच असायच्या. चौथ्या भागात पलीकडे कुकरची शिट्टी व्हायची. रोज. बाई मला कौतुकाने सांगायच्या, “आमची अनिता पाय! रोज त्याच टायमाले कुकर लावते. घड्याळ लावून घ्या. नाई तं तू, कदी सातले जेवते, कदी दहाले.” कधी फ्रान्सूचं उत्तर यांचं अर्धं संपायच्या आतच यायचं. मग बाई पुढचा मणी जरा लगबगीने म्हणायच्या. “दमला असन लेकरू. घाईत आहे,” म्हणून त्याची पाठराखणही करायच्या. त्याच्या चालीला चाल मिळवत मिळवत त्या इतक्या पक्क्या झाल्या की भिंतीतून ऐकताना वाटायचं, दोन माणसं नाहीतच, एकच गाणं आहे.

समृद्धी महामार्ग झाल्यापासून पुणं जवळ आलं म्हणतात. फ्रान्सूला मात्र येणं जमायचं नाही. एका नाताळात अनिता लहान पोरीला घेऊन एकटीच आली. फ्रान्सूला म्हणे सुटी नव्हती. पहिल्या संध्याकाळी बाईंनी मलाही बोलावलं. सून आली म्हणून तीळ लावून बाजरीच्या भाकरी केल्या होत्या आणि कोण आनंद! पोरगी माझ्या मांडीवर, अनिता सासूशेजारी चटईवर, मोबाइल डब्याला टेकलेला. मारुतीची घंटा थांबली. फोन लागला. “हां आई, सुरू कर.”

त्या दिवशी आनंदाची रहस्यं होती. हाक, ओ, हाक, ओ. अनिता खाली मान घालून पुटपुटत होती. चौथा भाग अर्ध्यावर आला आणि पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

बाईंनी मण्यावरचं बोट न हलवता सुनेकडे पाहिलं. सून इथे, चटईवर. मग पुण्याच्या घरात कुकर कोणी लावला?

माझं मन कुठे गेलं हे मी लपवत नाही. मला वाटलं, मेल्याने दुसरी ठेवली. मी पोरीचे कान झाकायच्या बेतात होते. अनिताकडे बघितलं तर तिचा चेहरा पांढराफटक, पण तो नवऱ्याचं लफडं कळलेल्या बाईचा नव्हता. तिला काहीतरी आधीपासून माहीत होतं.

बाईंनी चौथा भाग पूर्ण केला. नंतर सावकाश म्हणाल्या, “आनंदाचे पाचवे रहस्य. हरवलेला येशू आईला मंदिरात सापडतो.” आणि थांबल्या. पुढची प्रार्थना सुरूच केली नाही. माळ धरलेला हात गुडघ्यावर ठेवून नुसत्या मोबाइलकडे बघत राहिल्या.

थोडा वेळ शांतता. आणि मग फ्रान्सूचा आवाज आला, स्वच्छ, शांत: “आमची रोजची भाकर आज आम्हांस दे...”

कोणी हाकच मारली नव्हती आणि ओ आली होती.

“फ्रान्सू,” बाई म्हणाल्या. “बाबा, आयकू येते का?”

“आम्हा पाप्यांसाठी विनंती कर,” फ्रान्सू म्हणाला.

“फ्रान्सू, जेवला का?”

“आम्हा पाप्यांसाठी विनंती कर.”

त्यांनी पुन्हा काही विचारलं नाही. पण फोनही बंद केला नाही. आम्ही तिघी बसून होतो आणि तो आवाज आपल्या वेळेवर येत राहिला, मध्ये आईच्या वाक्याएवढी जागा सोडत. ती जागा अगदी नेमकी होती. आपली आई किती वेळात काय म्हणते हे लेकराने बरोबर मोजलं होतं. शेवटचं आमेन झालं. मी मनात म्हटलं, आता तरी खरा फ्रान्सू बोलेल. आणि आवाज आला, “आई, जेव आता. उद्या बोलू.” तोही रेकॉर्डिंगमधलाच, बाकीच्या उत्तरांसारखा. त्याच सुरात, त्याच थकव्याने. ज्याचा मी हेवा करत आले होते, तो आवाज हा.

एवढा राग मला आयुष्यात कोणाचा आला नाही. मारलं असतं तर बरं, विसरला असता तर बरं. हा रोज आईचा फोन उचलून, बटन दाबून, टीव्हीसमोर जाऊन बसत होता!

अनिता रडायला लागली. “ममी, सुरुवातीला खरंच म्हणायचा तो. पण ऑफिसातून येईपर्यंत गळून जातो. दोन-तीनदा चुकलं तर तुम्ही जेवल्या नाहीत. मग एक दिवस म्हणता म्हणता त्याने सगळं रेकॉर्ड करून ठेवलं. म्हणाला, आईला समाधान तर मिळतंय, तिचं जेवण तर होतंय.”

“कवापासून?”

अनिताने माझ्या मांडीवरच्या पोरीकडे पाहिलं. फोन चुकायचे थांबले तेव्हा ही जन्मलीही नव्हती, म्हणजे कुकरची ती शिट्टी हिच्या जन्माआधीची असणार.

“मी उपाशी राह्यली ते चुकलं माहं,” बाई म्हणाल्या. “म्या त्याले भेव घातलं. पण मले आवाज नोता पाह्यजे वं अनिता. आवाज तं रेडिओतबी येते. त्या टोकाले मानूस आहे म्हनून मी इकडं बसत होती.” मग पदराने चष्मा पुसत म्हणाल्या, “न् तुले माहीत होतं. तू मले दर रविवारी ‘ममी, रोझरी होते ना रोज’ इचारत होती.”

बाईंनी तिला वाढलं, पोरीला दूधभात भरवला, मला निरोप दिला. भाकरी कोणालाच गेली नाही.

सकाळी मी त्यांना दवाखान्याच्या वाटेवर गाठलं. म्हटलं, “मले नंबर द्या. मी बोलते त्याच्याशी. अशी सोलून काढते का जल्माची आठवन राह्यली पाह्यजे.”

“काही बोलू नोको. अनितालेबी सांगतलं म्या, त्याले सांगाचं नाई.”

“काहून?”

“त्यानं सोता सांगतलं पाह्यजे. इचारलं तं थो आजून एक खोटं बोलन. आईपाशी किती खोटं बोलवू त्याले?”

एवढं एकच त्यांना हवं होतं. मुलाने आपणहून म्हणावं, आई, मी फसवलं तुला. त्यासाठी त्यांनी त्याला वाटही करून दिली. अनिता गेल्यावरच्या रविवारी त्या फोनवर म्हणाल्या, “फ्रान्सू, आता रोझरीचा फोन नोको बाबा. मले एकटीले जमते. तुले काही सांगाचं आहे का?” मी तिथेच मेथी निवडत होते. पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग तो म्हणाला, “नाही आई. बरं झालं, तुलाही दगदग नको.”

बाईंनी फोन ठेवला. “त्याचा श्वास सुटला तो आयकला का?” म्हणाल्या. “तीस-पस्तीस वर्षं छातीले नळी लावून आयकते मी लोकायचे श्वास. डोक्यावरचं वझं उतरलं का मानूस असाच सोडते.”

त्या संध्याकाळी घंटा थांबली आणि भिंतीपलीकडून “नमो मारिया” आलं. बाईंनी आपला अर्धा म्हटला आणि थांबल्या. मी वाट पाहिली, की आता दुसरा अर्धाही त्याच म्हणतील. नाही म्हटला. उत्तराला जेवढा वेळ लागतो तेवढं थांबून पुढचा मणी घेतला. पुन्हा अर्धं. पुन्हा शांतता. मला ते ऐकवेना. तवा खाली उतरवला आणि सरळ त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. पुढच्या मण्याला मीच म्हटलं, “आम्हा पाप्यांसाठी विनंती कर.” उच्चारासकट बरोबर म्हटलं, त्यात काय, पाठच होतं.

बाईंनी डोळे उघडले. रागावल्या नाहीत. चटईवर हात थोपटून मला बसायला जागा दिली.

“बस. पन उत्तर देऊ नोको मास्तरीन.”

“काहून? मी हिंदू म्हनून?”

“तसं नाई वं. तुह्यासारखं उत्तर भेटलं तं सोनं आहे. पन ते त्याचं आहे. तू भरून टाकलं तं त्याले यायले जागाच नाई राह्यणार.”

त्या पुढे म्हणत राहिल्या आणि मी शेजारी तोंड मिटून बसले. उत्तर येत असून न देणं किती अवघड असतं ते त्या दिवशी कळलं. एरवी ‘येत असलं तरी मध्येच ओरडू नका’ हे मी वर्गातल्या पोरांना सांगते.

मग त्या निवृत्त होईपर्यंत रोज असंच. फ्रान्सू रविवारी बोलायचा. पाणी आलं का, गुडघे कसे आहेत, पोरीला दात आले. ते एक सोडून सगळं बोलायचा. बाई प्रत्येक रविवारी फोन ठेवायच्या आधी जरा थांबायच्या. मला वाटायचं आज बोलेल. तो म्हणायचा, “बरं आई, ठेवतो.”

निवृत्तीनंतर इथे एकटीने राहण्यात अर्थ नाही, असं फ्रान्सूनेच ठरवलं. गाडी घेऊन न्यायला आला. मी त्याला नीट बघून घेतलं. वाईट नव्हता. सामान स्वतः उचललं, आईच्या सीटवर मऊ चादर घातली, मला वाकून नमस्कार केला. म्हणाला, “मावशी, तुम्ही आईला फार सांभाळलं.” माझ्या जिभेच्या टोकावर जे आलं ते मी गिळलं. बाई माझ्याकडेच बघत होत्या.

निघता निघता उशीर झाला. दवाखान्यातल्या बाया, पुजारी, गोळ्या खाऊन-विसरून बाळंत झालेल्या कितीतरी जणी येऊन गेल्या. गाडी सुरू झाली तेव्हा देवळात आरती चालू होती. रस्त्यावर जीप आडवी आली म्हणून गाडी आमच्या दारासमोरच अडकली. फ्रान्सूने कानात ते फोनवर बोलायचं पांढरं बटन घातलं आणि कोणाशी तरी ऑफिसचं बोलायला लागला.

मारुतीची घंटा थांबली.

मागच्या सीटवर बाईंचा हात पिशवीत गेला आणि माळ घेऊन बाहेर आला. काच वर होती, मला ऐकू काही आलं नाही. त्यांचे ओठ हलले आणि थांबले. नजर समोर, मुलाच्या मानेवर. हात लांब केला असता तर खांद्याला लागला असता. ओठ पुन्हा हलले, पुन्हा थांबले. जीप बाजूला झाली, फ्रान्सूने बोलता बोलताच गाडी हायवेकडे वळवली, आणि मी दारात उभी राहून, ऐकायला कोणी नव्हतं म्हणून, ते उत्तर मोठ्याने म्हटलं.